स्पर्धात्मक व्हिडिओ गेमसाठी हेडफोनची निवड

ज्या व्हिडिओ गेममध्ये प्रतिस्पर्धी दिसण्याआधी त्याची जागा ओळखणाऱ्याचे पारडे जड होते, त्या खेळांसाठी आवाजाची दिशा, अंतर आणि क्षण बिनचूक कानापर्यंत पोहोचवणारे साधन निवडण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट आणि भारतात २०२१ पासून खेळला जाणारा बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हे या प्रकारातले परिचित खेळ होत. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धात्मक व्हिडिओ गेमना, बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत ई-स्पोर्ट्समध्ये पदके दिली गेली. त्यामुळे हेडफोन हे आता बॅट किंवा रॅकेटप्रमाणे खेळाडूच्या साधनांमध्ये मोडते. मात्र खोक्यावर छापलेल्या आकड्यांवरून ही निवड होत नाही. खेळाडू ज्या खोलीत आणि ज्या ऋतूत खेळतो, ती खोली आणि तो ऋतू निम्मा निर्णय आधीच करून टाकतात. नागपूरच्या बाबतीत तर मे महिन्यातला कूलरच हेडफोनचा प्रकार ठरवतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आवाजाचे महत्त्व : माणूस दिसलेल्या गोष्टीपेक्षा ऐकलेल्या गोष्टीला किंचित लवकर प्रतिसाद देतो. साध्या प्रयोगांमध्ये ध्वनीला मिळणारा प्रतिसाद साधारण १५० मिलिसेकंदांच्या आसपास, तर प्रकाशाला मिळणारा २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. याहून मोठा फायदा असा, की पडद्यावर फक्त समोरचे दिसते, आवाज मात्र भिंतीआडून, पाठीमागून आणि वरच्या मजल्यावरूनही येतो. जिन्यावर पडलेले पाऊल, बंदुकीत गोळ्या भरल्याची खटखट, दार सरकल्याचा आवाज, हे सगळे आवाज हलके आणि क्षणिक असतात. गोळीबार कोणत्याही हेडफोनवर ऐकू येतो. त्या गोळीबाराच्या मधल्या फटीत आलेले पाऊल ऐकू येते का, हा खरा प्रश्न आहे.

दिशा कशी कळते : लॉर्ड रॅली या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १९०७ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण आजही पायाभूत मानले जाते. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानात आधी आणि डाव्या कानात नंतर पोहोचतो. मधे डोके असल्यामुळे हा फरक जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो आणि साधारण १,५०० हर्ट्‌झपेक्षा कमी कंप्रतेच्या, म्हणजे जाड सुराच्या, आवाजांसाठी मेंदू त्यावर विसंबतो. त्याहून जास्त कंप्रतेच्या आवाजांना डोके आड येते, म्हणून दूरच्या कानात ते मंद ऐकू येतात, आणि तीव्रतेतल्या या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. परंतु नेमके समोरून आणि नेमके मागून आलेले आवाज दोन्ही कानांत सारख्याच वेळी आणि सारख्याच तीव्रतेने पोहोचतात. तेथे कर्णपाळीच्या वळ्या उपयोगी पडतात. त्या वळ्यांमुळे ४-५ हजार हर्ट्‌झच्या वरच्या भागात दिशेनुसार बारीक चढउतार निर्माण होतात आणि मेंदूने ते लहानपणापासून पाठ केलेले असतात. शिवाय शंका आली की माणूस मान किंचित वळवतो. गेममध्ये मानेचे काम माउस करतो, कारण पात्राने दृष्टी वळवली की दोन्ही कानांतला फरक बदलतो आणि ‘समोर की मागे’ हा गोंधळ सुटतो. मुरलेले खेळाडू पाऊल ऐकताच माउस थोडा डावी-उजवीकडे हलवतात, त्यामागे हेच कारण आहे.

यावरून हेडफोनमध्ये काय तपासायचे ते निघते. पहिली गोष्ट म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूंचे ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारे भाग, एकमेकांशी जुळलेले असावेत. एक बाजू जराही दबलेली असली, तर मधला आवाज सतत एका बाजूला सरकतो आणि खेळाडूची नेमकी अचूकता ढळते. दुसरी गोष्ट म्हणजे वरच्या कंप्रता बोथट झालेल्या नसाव्यात. तिसरी, आणि बाजारात सर्वाधिक दुर्लक्षित, गोष्ट म्हणजे बास फुगवलेला नसावा. खालच्या कंप्रतेचा मोठा आवाज त्याच्या वरच्या कंप्रतेचे हलके आवाज झाकून टाकतो, हा श्रवणाचा मूलभूत गुणधर्म आहे. म्हणून स्फोटाच्या वेळी छातीत धमक भरवणारा हेडफोन गाण्यांना रंगत आणत असला, तरी पावले गिळतो. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा की ४० मिलिमीटरचा, यावरून यातले काहीच कळत नाही.

‘७.१ सराउंड’, म्हणजे भोवती सात स्पीकर आणि एक बासचा स्पीकर असल्याचा दावा, या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. अशा बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो आणि बाकीचे स्पीकर सॉफ्टवेअरने भासवलेले असतात. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कर्णपाळीचा परिणाम गणिताने उभा करणारा एचआरटीएफ हा पर्याय गेमच्या सेटिंगमध्येच दिलेला आहे. तो चालू ठेवून त्यावर हेडसेटचा सराउंडही लावला, तर एकाच आवाजावर दोनदा संस्कार होतो आणि दिशा धूसर होते. दोहोंपैकी एकच चालू ठेवावा, आणि तो गेमचा असावा.

उघडे आणि बंद हेडफोन : झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा मागून उघडा हेडफोन बाजारात आणला आणि तेव्हापासून हेडफोनची दोन मोठी कुळे झाली. उघड्या प्रकारात कपाच्या मागे जाळी असते, त्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखा न वाटता आसपास पसरल्यासारखा वाटतो, अंतराचा अंदाज मोकळेपणाने येतो आणि कानाला हवाही लागते. शांत खोलीत स्पर्धात्मक खेळासाठी हा प्रकार उत्तम. पण त्या जाळीतून बाहेरचा आवाज जवळजवळ जसाच्या तसा आत येतो आणि आतला बाहेर जातो. रात्री एक वाजता त्याच खोलीत झोपलेल्या भावंडाला गोळीबार ऐकवायचा नसेल, तर हा प्रकार बाद ठरतो.

नागपुरात दुसरे कारण अधिक वजनदार आहे. येथे एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत, विशेषतः पारा ४५ अंशांच्या पलीकडे जाणाऱ्या नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत, खिडकीत बसवलेला लोखंडी पत्र्याचा कूलर रात्रंदिवस चालू असतो. त्याचा आवाज एकसुरी नसतो. पंख्याची आणि मोटारीची घरघर खालच्या कंप्रतेत असते, जाळीतून सुटणाऱ्या हवेची सळसळ मधल्या आणि वरच्या कंप्रतेत असते, आणि ताट्यांवरून टाकीत ठिबकणाऱ्या पाण्याचा बारीक टपटपाट तर पावलांशी अगदी जवळचे नाते सांगतो. उघडा हेडफोन लावलेला खेळाडू हा आवाज दाबण्यासाठी व्हॉल्यूम वाढवतो, त्याबरोबर गोळीबारही वाढतो आणि तासाभरात कान थकतात. म्हणून कूलरच्या खोलीत बंद हेडफोन किंवा कानात बसणारे इअरफोन हेच योग्य ठरतात. बंद कप सळसळ चांगली अडवतो, घरघर कमी अडवतो. आवाज रद्द करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नेमकी उलट वागते, कारण संथ आणि सलग घरघर ती सहज पुसते, अचानक येणारे आवाज मात्र तिच्या हातून सुटतात. कानात नीट बसलेली इअरफोनची फोमची टोपी दोन्ही बऱ्यापैकी अडवते. मोठ्या स्पर्धांच्या मंचावर कानात इअरफोन आणि त्यांवर बाहेरचा गलका अडवणारा जाड हेडसेट अशी दुहेरी व्यवस्था करतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

उष्णता आणि पॅड : बंद हेडफोनची खरी किंमत घामाने मोजावी लागते. रेक्झिनचे पॅड सुरुवातीला मऊ आणि घट्ट बसणारे असतात, परंतु घामाचे मीठ आणि केसांचे तेल मुरून एक-दोन उन्हाळ्यांत त्यांची साल सुटते आणि काळे कपटे कानामागे चिकटतात. पॅडला भेग पडली की हवा गळते, हवा गळली की बास पडतो आणि बाहेरचा आवाज आत शिरतो. म्हणजे झिजलेला पॅड हा दिसण्यापुरता दोष राहत नाही, हेडफोनचा स्वभावच बदलतो. मखमली किंवा जाळीदार कापडाचे पॅड थंड राहतात, मात्र आवाज थोडा कमी अडवतात. मधला मार्ग म्हणून कापडाचे पॅड घेऊन कूलरचा वेग एक टप्पा खाली आणणे अनेकदा जास्त फायद्याचे ठरते. पॅड सुटे मिळतात का आणि घरी बदलता येतात का, हे विकत घेतानाच विचारावे. वजन ३०० ग्रॅमच्या खाली असले तर मान सुखी राहते. चष्मा लावणाऱ्यांनी काड्यांवर पॅड किती दाबतो हे मुद्दाम पाहावे, कारण वेदना होते ती निराळीच, शिवाय काडीच्या फटीतून हवाही गळते. इअरफोन थंडीला आणि उन्हाळ्याला सोयीचे असले, तरी पावसाळ्यातल्या दमट हवेत कान तासन्‌तास बंद राहिल्यास बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. त्यामुळे टोप्या पुसून कोरड्या ठेवाव्यात.

विलंब : साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोहोचायला पुष्कळदा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. ध्वनीला प्रतिसाद देण्यात मिळणारा ५० मिलिसेकंदांचा फायदा वर सांगितला आहे, तो येथे कित्येक पटींनी परत जातो. मोबाइलवर खेळणारी मुले रोजच्या वापरातले ब्लूटूथ इअरबड लावूनच सामन्यात उतरतात आणि हरल्यावर नेटवर्कला दोष देतात, तेव्हा निम्मा दोष कानातल्या बडचा असू शकतो. ‘गेम मोड’ने हा विलंब कमी होतो, तरी तारेची बरोबरी होत नाही. बिनतारीच हवा असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या स्वतंत्र डोंगलवर (यूएसबीत खोचायच्या छोट्या ग्राहकावर) चालणारा घ्यावा, ज्यात विलंब खेळायला अडचण येणार नाही इतका कमी असतो. फ्लॅटच्या इमारतीत त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे वायफायही असते, म्हणून डोंगल संगणकाच्या कॅबिनेटच्या मागे न खोचता छोट्या केबलने टेबलावर आणावा. तार हा मात्र अजूनही सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय आहे.

संरोध आणि जोडणी : मोबाइल आणि लॅपटॉपसाठी १६ ते ३२ ओहम संरोधाचे (इम्पिडन्सचे, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे) हेडफोन पुरेसे असतात. स्टुडिओतले २५० ओहमचे हेडफोन वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसल्यास दबलेले वाजतात. नागपूरच्या महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्तीतल्या ज्या घरांत अर्थिंग नीट नाही, तेथे कॅबिनेटच्या पुढच्या ३.५ मिलिमीटर जॅकमध्ये हेडफोन लावला की विजेच्या ५० हर्ट्‌झची गुणगुण ऐकू येते. तिला हेडफोनचा दोष समजून तो परत करणारे बरेच असतात. आधी कॅबिनेटच्या मागचा जॅक, मग यूएसबीचे छोटे साउंड कार्ड वापरून पाहावे, आणि अर्थिंग तर दुरुस्त करावेच.

माइक : संघाने खेळताना माइकही तितकाच मोलाचा असतो. एका दिशेचा आवाज घेणारा माइक आपल्या पाठीमागचे आवाज सोडून देतो. खेळाडूच्या ओठांकडे तोंड केलेल्या माइकची पाठ समोर असते, म्हणून कूलर खेळाडूच्या मागे असला की त्याचा आवाज थेट माइकच्या तोंडात जातो. खुर्ची अशी ठेवावी की कूलर समोरच्या एका कोपऱ्यात येईल, त्याच्या पट्ट्या बाजूला वळवाव्यात आणि माइक ओठांच्या कडेला दोन बोटांवर, फोमची टोपी घालून ठेवावा.

खरेदी आणि परीक्षा : नागपुरातल्या सीताबर्डीच्या बाजारात हेडफोन मागितला की दुकानदार बहुधा दणकेबाज गाणे लावून देतो. त्या गाण्यावर फुगवलेल्या बासचा हेडफोन सर्वांत छान वाटणारच. त्याऐवजी आपण खेळतो त्या गेमचे, पावलांचे आवाज असलेले रेकॉर्डिंग मोबाइलमध्ये घेऊन जावे, व्हॉल्यूम कमी ठेवावा आणि हेडफोन चष्म्यासकट किमान पंधरा मिनिटे डोक्यावर ठेवावा. रस्त्यावरची गर्दी ही तेथे आयतीच मिळणारी कसोटी आहे. बिनतारी संच घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहावे. पैसे बेताचे असतील, तर दिव्यांच्या झगमगाटाचा सराउंड हेडसेट घेण्यापेक्षा साधा, बंद, तारेचा स्टिरिओ हेडफोन आणि वेगळा छोटा माइक घ्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, ९० डेसिबलला ती केवळ ४ तासांवर येते. बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन कमी व्हॉल्यूमवर भागवू देतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

निवड योग्य झाली का, हे घरी तपासता येते. सरावाच्या नकाशावर मित्राला पात्राभोवती चालायला सांगावे, खेळाडूने डोळे मिटून बोटाने दिशा दाखवावी आणि तिसऱ्याने वीसपैकी किती बरोबर आल्या ते लिहावे. मग व्हॉल्यूमला हात न लावता कूलर पूर्ण वेगाने सुरू करून पुन्हा वीस वेळा तेच करावे. दुसऱ्या खेपेला चार-पाच जास्त चुकल्या, तर बदलायचे ते हेडफोन, पॅड की कूलरची जागा, याचा शोध तेथून सुरू करावा.