न चावता गिळायची लस

पहाटे पाचला रंकाळ्याच्या काठानं पोरं धावत असतात. भरतीची तयारी. छाती, उंची, सोळाशे मीटर, सगळं मैदानावर मोजलं जातं. फुफ्फुसांची खरी कसोटी मात्र पुढं, प्रशिक्षण केंद्राच्या बराकीत लागते.

तिथं गावोगावची पोरं खाटेला खाट लावून झोपतात. प्रत्येकानं आपल्या भागातले विषाणू सोबत आणलेले असतात. त्यात झोप कमी, कष्ट जास्त. मग एकाचा खोकला बघता बघता अख्ख्या प्लाटूनचा होतो.

अमेरिकेत अशाच आजारी रंगरूटांच्या घशातून शास्त्रज्ञ मॉरिस हिलमन यांनी एक विषाणू वेगळा केला. 1954 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. आज त्याला अ‍ॅडिनोव्हायरस म्हणतात. बराकीत धुमाकूळ घालणारे त्याचे मुख्य दोन प्रकार म्हणजे क्रमांक 4 आणि क्रमांक 7.

त्यावरची लस मला फार सुंदर वाटते. तिच्यातला विषाणू जिवंत असतो आणि दुबळाही केलेला नसतो! फक्त त्याची वाट बदललेली असते. गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लात टिकतं आणि आतड्यात विरघळतं. तिथं विषाणू वाढतो, पण न्यूमोनिया करत नाही. शरीर मात्र त्याला ओळखून ठेवतं. म्हणूनच गोळी चावायची नाही. चावली, तर विषाणू थेट घशात. शिवाय तो काही आठवडे शौचातून बाहेर पडतो, त्यामुळे हात नीट धुवावे लागतात.

1971 पासून अमेरिकेतल्या रंगरूटांना या गोळ्या सर्रास मिळू लागल्या. पण 1996 मध्ये एकुलत्या एक उत्पादकानं काम थांबवलं, 1999 मध्ये साठा संपला आणि आजार परतला. तरणीताठी पोरं दगावली. उपाय हातात असताना हे झालं, याचा मला आजही संताप येतो.

नवी लस आणायची तर चाचणीही नव्यानं. दोन प्रशिक्षण केंद्रांतल्या सुमारे चार हजार जणांत दर चौघांपैकी तिघांना लस, तर चौथ्याला औषध नसलेली गोळी, अशी विभागणी झाली. कुणाला काय मिळालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

इथं होकाराचा प्रश्न नाजूक असतो. उस्ताद, म्हणजे प्रशिक्षण देणारे, समोर उभे असताना आपल्यातला कोणता पोरगा 'नको' म्हणेल? म्हणून संमती विचारताना हुकूम देणारा माणूस खोलीत नसावा, असं मला ठामपणे वाटतं.

प्रकार 4 च्या आजाराविरुद्ध लस 99.3 टक्के प्रभावी ठरली. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि बराकींतला हा ताप झपाट्यानं ओसरला.