खुर्चीवरचा झगा

वॉशिंग्टनमधल्या फ्रँकलिन रूझवेल्ट स्मारकाचं उद्घाटन 2 मे 1997 रोजी झालं. आतल्या मुख्य पुतळ्यात रूझवेल्ट बसलेले आहेत, शेजारी त्यांचा लाडका कुत्रा फाला आहे, आणि अंगावरचा भलामोठा झगा घड्याघड्यांनी खाली उतरून खुर्ची झाकून टाकतो. मागे जाऊन वाकून पाहिलं, तर तिची छोटी चाकं दिसतात. 1921 मध्ये, वयाच्या 39व्या वर्षी त्यांना पोलिओ झाल्याचं निदान झालं; पुढे चारदा अध्यक्षपदावर निवडून आलेला हा माणूस पायांवर आधाराशिवाय उभा राहू शकत नव्हता.

उद्घाटनाआधीपासूनच अपंग कार्यकर्ते निदर्शनं करत होते. झग्याची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद तसा बिनतोड वाटतो: रूझवेल्ट स्वतःच लोकांसमोर व्हीलचेअर येऊ देत नसत, छायाचित्रकारही ते पथ्य पाळत, मग पुतळ्यानं ते का मोडावं? कार्यकर्त्यांचं उत्तर होतं की लपवणं ही त्या काळाची सक्ती होती, तिला आता ब्राँझमध्ये कायम कशाला करायचं? अखेर ‘नॅशनल ऑर्गनायझेशन ऑन डिसॅबिलिटी’ या संस्थेनं साडेसोळा लाख डॉलर उभे केले आणि जानेवारी 2001 मध्ये स्मारकाच्या प्रवेशापाशीच दुसरा पुतळा बसला. रॉबर्ट ग्रॅहम यांच्या या शिल्पात रूझवेल्ट उघडउघड व्हीलचेअरवर आहेत. झगेवाला पुतळाही आत तसाच आहे. मला हे बरं वाटतं; दोन्ही पाहिल्याशिवाय मधलं भांडण कळत नाही.

सार्वजनिक शिल्पात अपंगत्व त्याआधी नव्हतं असं नाही. डॅनियल चेस्टर फ्रेंच यांचं 1889 चं शिल्प वॉशिंग्टनमध्येच आहे: कर्णबधिरांचे शिक्षक थॉमस गॅलॉडेट आणि त्यांची छोटी विद्यार्थिनी ॲलिस, दोघांची बोटं खुणांच्या लिपीतलं ‘ए’ हे अक्षर दाखवताहेत. शिल्प सुरेख आहे. पण नाव गुरूचं, मोठेपण गुरूचं. पुढे ब्रिटनमध्ये दुकानांच्या दारात पायाला कॅलिपर लावलेल्या मुलीच्या आकाराच्या दानपेट्या उभ्या राहू लागल्या. त्यांना कुणी कला म्हणत नव्हतं, पण रस्त्यावर अपंगत्वाची एवढी ठळक आकृती दुसरी नव्हती, आणि तिनं शिकवलं काय, तर नाणं टाका नि पुढे चला. डेमियन हर्स्ट यांनी 2003 मध्ये तीच मुलगी 22 फूट उंचीची करून उभी केली, दानपेटी फोडलेली आणि पायाशी नाणी सांडलेली.

या दोन काळांच्या मधे विचार पालटला होता. 1976 मध्ये ब्रिटनमधल्या ‘युपियास’ या अपंगांच्याच संघटनेनं मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं लादलेलं अपंगत्व वेगळं. पाय चालत नाहीत ही उणीव. इमारतीला फक्त पायऱ्याच असणं हे अपंगत्व. एकदा दोष इमारतीकडे गेला की रस्ता आणि चौक हीच वादाची जागा होते. कला तिथे पोचणारच होती.

सगळ्यात गाजली ती लंडनच्या ट्रॅफल्गर चौकातल्या रिकाम्या चौथ्या चौथऱ्यावरची आकृती. जन्मतः हात नसलेल्या आणि आखूड पायांच्या चित्रकार ॲलिसन लॅपर आठ महिन्यांच्या गरोदर असताना मार्क क्विन यांनी त्यांच्या शरीराचा साचा घेतला आणि इटालियन संगमरवरात साडेतीन मीटरचं शिल्प घडवलं. ते सप्टेंबर 2005 पासून 2007 पर्यंत तिथे होतं. क्विन यांचा मुद्दा साधा होता: संग्रहालयात हात तुटलेल्या प्राचीन मूर्तींना लोक सौंदर्य म्हणतात, तसंच जिवंत शरीर दिसलं की नजर चोरतात. त्याच चौकात उंच स्तंभावर एक हात गमावलेले ॲडमिरल नेल्सन 1843 पासून उभे आहेत, पण त्यांच्याकडे त्या नजरेनं कुणी पाहत नाही. आक्षेपही आले. त्यातला एक मला अजून अनुत्तरित वाटतो: घडवणारा हात अपंग नसलेल्याचा का?

त्याच चौथऱ्यावर 2009 मध्ये सामान्य माणसांना एकेक तास उभं राहण्याची संधी मिळाली, तेव्हा अपंग कलाकार लिझ क्रो व्हीलचेअरवरून वर गेल्या, त्याही नाझी गणवेश घालून. नाझी राजवटीनं 1940-41 मध्ये 70 हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्णांना विषारी वायूनं मारलं, त्याची ती आठवण होती. जर्मनीत याच इतिहासावर होहाइझल आणि क्निट्झ या शिल्पकारांनी काँक्रीटची करडी बस केली. रुग्णांना न्यायला तशाच बस येत. दोन बस केल्या: एक वाइसेनाउच्या जुन्या मनोरुग्णालयाच्या फाटकात कायमची उभी, दुसरी गावोगाव फिरणारी.

बोस्टनमध्ये सारा हेंड्रेन आणि ब्रायन ग्लेनी यांनी तर पाट्याच पकडल्या. 1968 मध्ये सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीनं काढलेल्या व्हीलचेअरच्या चिन्हाला मूळात डोकंही नव्हतं. ते नंतर जोडलं गेलं. या दोघांनी पुढे झुकून स्वतः चाक फिरवणारी आकृती पारदर्शक स्टिकरवर छापली आणि जुन्या पाट्यांवर चिकटवली, खालचं चिन्ह दिसत राहील अशी. 2014 मध्ये न्यूयॉर्क राज्यानं नवं चिन्ह कायद्यानं स्वीकारलं. मग अपंगांमधूनच प्रश्न आला: ज्याला स्वतःचे हात हलवता येत नाहीत, त्याचं काय?

अपंगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारातलं 30 वं कलम सांस्कृतिक जीवनात सहभागाचा हक्क देतं, म्हणजे कलाकृतीपर्यंत पोचण्याचाही. रूझवेल्ट स्मारक यात पुन्हा आठवतं. तिथल्या ब्राँझच्या भिंतींवर ब्रेलही कोरलेली आहे, दिसायला छान. दृष्टिहीनांनी हात फिरवला तेव्हा टिंब बोटाच्या टोकात मावेनात, आणि वरच्या ओळींना तर हातच पुरेना.