पीठ, मीठ आणि सहा आकडे

माझी मावशी चिपळूणला असते. सात-आठ वर्षं झाली, ती कोकणातल्या पदार्थांचा ब्लॉग लिहिते. सांदणं, खापरोळ्या, आठळ्यांची भाजी आणि आजीच्या तोंडून ऐकलेली मापं. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला, "अगं, माझ्या खापरोळ्यांच्या खाली कर्जाची जाहिरात कोणी लावली?" जाहिरात एकाच ठिकाणी नव्हती. रात्रीतून कुणीतरी तिच्या बहुतेक सगळ्या लेखांत लिंका घुसवल्या होत्या आणि तिचा पासवर्ड चालेनासा झाला होता.

ब्लॉग परत मिळाला तो एकाच कारणाने. तिच्या मेलचा पासवर्ड वेगळा होता. 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं, मेलवर लिंक आली, नवा पासवर्ड टाकला, चोर बाहेर. मेलसुद्धा गेला असता तर हेच बटण चोराने वापरलं असतं आणि आम्ही बाहेर राहिलो असतो. म्हणून घरच्या घरी ब्लॉग लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिलं सांगते: ब्लॉगच्या आधी मेलला भक्कम कुलूप लावा. बाकी सगळ्या किल्ल्या त्याच खुंटीला टांगलेल्या असतात.

चोराकडे पासवर्ड आला कुठून? 'हॅव आय बीन पोन्ड' नावाची एक मोफत साइट आहे. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ती 2013 साली सुरू केली. तिथे आपला मेल-पत्ता टाकला की तो कुठकुठल्या साइटवरून चोरीला जाऊन फुटलेल्या याद्यांमध्ये सापडला ते कळतं. मावशीने कधीकाळी एका साइटवरून भांडी मागवली होती. तिथे तिने ब्लॉगचाच पासवर्ड दिला होता, आणि त्या साइटची यादी फुटली होती. चोर अशा यादीतली मेल आणि पासवर्डची प्रत्येक जोडी प्रोग्रॅमकरवी शेकडो दुसऱ्या दारांना लावून बघतात. एखादं दार उघडतंच.

यावर मावशीने जो प्रश्न विचारला तो मला फार आवडला. "पण त्या भांडीवाल्या साइटने माझा पासवर्ड लिहून का ठेवला होता?"

खरं तर ठेवायला नकोच होता. पासवर्डची पद्धत अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 1960च्या दशकाच्या सुरुवातीला आली. एकाच संगणकावर अनेक जण काम करायचे, आणि सगळ्यांचे पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले असायचे. 1962 साली ॲलन शेर या तिथल्याच संशोधकाला संगणकाचा वेळ कमी पडायला लागला, तेव्हा त्याने सरळ ती फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम करत राहिला. यावरचा चांगला उपाय रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी 1979 साली लिहून ठेवला. पासवर्ड साठवूच नका, त्याचं पीठ साठवा.

हे पीठ म्हणजे हॅश. गिरणीत गहू टाकला की पीठ मिळतं, पण पिठाचा परत गहू होत नाही. पासवर्डचंही तसंच. तो गणिताच्या एका कृतीतून गेला की ठरावीक लांबीची अगम्य अक्षरमाळ बाहेर पडते. उलटी वाट नाही. या गिरणीचं वैशिष्ट्य असं, की तोच गहू टाकला की कणभरही फरक नसलेलं तेच पीठ येतं. आणि एक दाणा जरी बदलला तरी पीठ ओळखू येणार नाही इतकं वेगळं. तुम्ही लॉगिन करता तेव्हा साइट तुमचा पासवर्ड दळते आणि आधी साठवलेल्या पिठाशी ताडून बघते. जुळलं की दार उघडतं. मूळ पासवर्ड साइटला माहीत असण्याची गरजच नाही.

पण चोरही दळू शकतो. पिठाचा गहू करण्याच्या भानगडीत तो पडत नाही. 'एक दोन तीन चार पाच सहा', देवाचं नाव, गावाचं नाव, जन्मसाल असले लाखो अंदाज तो आधीच दळून ठेवतो आणि चोरलेल्या यादीत कुठलं पीठ जुळतं ते बघतो. म्हणून मॉरिस आणि थॉम्पसन यांनी त्यात मीठ घातलं. खरोखरच त्या शास्त्रात या गोष्टीला मीठच म्हणतात. दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगळी चिमूटभर यादृच्छिक अक्षरं मिसळायची. मग दोघींचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं पडतं, आणि आधी दळून ठेवलेली चोराची पोती वाया जातात. त्याला एकेकीसाठी नव्याने दळत बसावं लागतं. याच्या जोडीला आणखी एक पायरी आहे. चोराकडे झपाट्याची गिरणी असेल तर आपण मुद्दाम जातं वापरायचं, म्हणजे दळण्याची कृतीच संथ करायची. तुम्हाला लॉगिन करताना सेकंदाचा काही भाग जास्त लागतो, तो जाणवतही नाही. चोराला मात्र कोट्यवधी वेळा जातं ओढायचं असतं.

ही विद्या इतकी जुनी असूनही 2009 साली रॉक-यू नावाच्या कंपनीची यादी फुटली, तेव्हा त्यात 3 कोटी 20 लाख पासवर्ड उघडे, न दळलेले होते. मीठ नाही, पीठ नाही, नुसता गहू. कुठली साइट आपला पासवर्ड कसा ठेवते ते बाहेरून कळत नाही. आपल्या हातात एवढंच, की एका ठिकाणचा पासवर्ड दुसरीकडे द्यायचा नाही.

आता तो कसा असावा? एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह ही सक्ती आपण वर्षानुवर्षं सोसली, आणि त्यातून घरोघरी नावापुढे ॲट आणि पुढे एक-दोन-तीन असले पासवर्ड तयार झाले. चोरांचे प्रोग्रॅम हेच आधी दळतात. अमेरिकेच्या 'निस्ट' या प्रमाणसंस्थेने 2017 साली ही सक्ती आणि दर थोड्या महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावण्याची पद्धत, दोन्ही सोडायला सांगितल्या. जुने नियम लिहिणारे बिल बर यांनी त्याच वर्षी आपल्याला त्याचा पश्चात्ताप होत असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

त्याऐवजी फासे घ्या. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी 1995 साली सुचवलेली ही युक्ती आहे. 7776 शब्दांची क्रमांक दिलेली यादी असते, पाच वेळा फासा टाकला की एक शब्द ठरतो. असे सहा शब्द काढायचे. उदाहरणार्थ मराठीत 'उखळ पाऊस तिकीट गच्ची वरवंटा बोगदा' असं काही येईल. (हेच वापरू नका, ते आता छापलं गेलं.) कीबोर्डवरच्या 94 चिन्हांतून आठ चिन्हं निवडली, अगदी यंत्राने निवडली तरी, जितक्या शक्यता होतात, त्याच्या सुमारे 3 कोटी 60 लाख पट शक्यता या सहा शब्दांच्या होतात. पण हा हिशोब फासे शब्द निवडतात तेव्हाचा. आपण मनाने निवडले की आई, घर, साई, मोरया असेच शब्द येतात, आणि तो सगळा गुणाकार कोसळतो.

असा लांब पासवर्ड दोनच ठिकाणी पाठ हवा: मेलला आणि पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपला. बाकीचे सगळे मॅनेजरने बनवायचे आणि त्यानेच लक्षात ठेवायचे. बिटवॉर्डन आणि कीपास हे दोन्ही मोफत आहेत. मॅनेजरचा एक गुण लोकांच्या लक्षात येत नाही. ब्राउझरला जोडलेला असेल तर खोट्या पानावर तो आपणहून पासवर्ड भरतच नाही. 'तुमच्या लेखाविरुद्ध कॉपीराइटची तक्रार आली आहे, 24 तासांत लॉगिन करा' असा मेल ब्लॉगरना हमखास येतो. घाबरलेला माणूस पान कसं दिसतं ते बघतो. मॅनेजर फक्त पत्ता बघतो, आणि तो अक्षरन् अक्षर जुळला नाही तर गप्प बसतो. तो गप्प बसला की आपणही हात आवरायचा.

पत्ता स्वतः वाचायचा तर पोस्टाच्या पत्त्यासारखा वाचावा. घर, गल्ली, पेठ, आणि शेवटी गाव. वेबच्या पत्त्यातही, सुरुवातीचं https:// सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं तेच खरं ठिकाण. त्याच्या डावीकडे ओळखीच्या कंपनीचं नाव कितीही ठळक लिहिलेलं असो. दुसऱ्या गावात दुकानावर 'सदाशिव पेठ' अशी पाटी लावली म्हणून तिथे पुणं येत नाही. आणि ते छोटं कुलपाचं चित्र? त्याचा अर्थ वाटेत कुणी वाचणार नाही एवढाच. ठगाच्या पानालाही ते मिळतं. क्रोमने 2023 साली ते चित्र काढून टाकलं, त्याचं मोठं कारण हाच गैरसमज.

पासवर्ड गेलाच तरी दुसरं दार बंद हवं. त्यासाठी ऑथेंटिकेटर ॲप असतं, दर 30 सेकंदांनी नवे सहा आकडे दाखवणारं. मावशीला वाटायचं हे आकडे कुठून तरी 'येतात'. मी तिला फोन विमान मोडवर टाकायला सांगितला. नेट नाही, रेंज नाही, आणि आकडे बदलतच होते. ती बराच वेळ बघत बसली.

हे आकडे येत नाहीत, फोनमध्येच तयार होतात. सुरुवातीला आपण क्यूआर कोड स्कॅन करतो तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते. तीच साइटकडेही असते. नंतर दोघांनी एकमेकांशी बोलायची गरज नाही, दोघांकडे घड्याळ आहे. दोघं 1 जानेवारी 1970 पासून, आपल्या वेळेने त्या दिवशीच्या पहाटे साडेपाचपासून, 30 सेकंदांचे किती घास झाले ते मोजतात. 1 जानेवारी 2025 च्या पहाटे साडेपाचला तो आकडा होता 5 कोटी 78 लाख 56 हजार 320. हा आकडा आणि गुप्त किल्ली एकत्र दळायची आणि पिठातून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे तेच निघतात. म्हणूनच फोनचं घड्याळ काही मिनिटं चुकलं की कोड चालत नाही. वेळ आपोआप लावण्याची सोय चालू ठेवा.

एसएमएसच्या ओटीपीपेक्षा मला हे बरं वाटतं, कारण ते सिमकार्डावर अवलंबून नाही. भारतात बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात. मात्र ॲप असलेला फोन हरवला तर? यासाठी साइट सुरुवातीला काही राखीव कोड देते. ते कागदावर छापून घ्या. मावशीचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. आणि हे सहा आकडे फोनवर कुणालाही वाचून दाखवायचे नाहीत. 30 सेकंद ठगाला पुरतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, फोन लावा.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइलने काढलेल्या फोटोत वेळ आणि बऱ्याचदा अक्षांश-रेखांश लपलेले असतात. अक्षांशाचा एक सेकंद (अंशाचा 3600वा भाग) म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर, आणि फोन त्याहून बारीक लिहितो. ओट्यावरच्या मोदकाचा फोटो घराचा पत्ता सांगू शकतो. 2012 साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशाचे पोलीस चौकशीसाठी अँटीव्हायरसवाले जॉन मॅकाफी यांना शोधत होते, तेव्हा 'व्हाइस' मासिकाने टाकलेल्या एका फोटोतल्या याच आकड्यांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद केलं की पुढचे फोटो सुटतात. जुने मात्र ब्लॉगवर तसेच असतात.

राहिली प्रत. वर्डप्रेस आणि ब्लॉगर दोन्हींमध्ये सगळे लेख एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात. गेल्या महिन्यात आम्ही मावशीच्या वर्डप्रेसची फाइल माझ्या लॅपटॉपवर, नेट बंद करून, एका कोऱ्या ब्लॉगमध्ये भरून पाहिली. लेख सगळे आले, फोटो एकही आला नाही. त्या फाइलमध्ये फोटो नसतातच, फक्त ते कुठे ठेवलेत त्याचे पत्ते असतात. फोटो वेगळे उतरवावे लागतात. आता मावशी रोज रात्री जेवणं उरकली की वीस-पंचवीस फोटो उतरवते, एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक माझ्याकडे. काल ती आठळ्यांच्या भाजीपर्यंत पोचली होती.