लिबसी.एसओ.६ मधला सहा अजून तसाच का

एक्स८६ लिनक्सवर ग्लिबसीची (जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम वापरतो ती मूलभूत सी लायब्ररी) फाइल लिबसी.एसओ.६ या नावाने ओळखली जाते. १९९७ मध्ये ग्लिबसी २.० आली तेव्हाही शेवटी ६ होता, आजही आहे. आतला कोड मात्र पार बदलला.

ईएलएफ या आजच्या प्रोग्रॅम-फाइलच्या स्वरूपाआधी, ए.आउट या जुन्या स्वरूपाच्या दिवसांत, प्रत्येक शेअर्ड लायब्ररीला (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती) मेमरीतला पक्का पत्ता नेमून द्यावा लागे. ईएलएफने ती कटकट संपवली आणि एसओनेम आणलं: प्रोग्रॅम बांधताना त्यात लायब्ररीचं नाव क्रमांकासह कोरलं जातं, सुसंगती मोडली की क्रमांक वाढवायचा. पण ५ वरून ६ वर जाताना याची किंमत कळली. प्रोग्रॅम ६ वर बांधलेला आणि त्याने ओढलेली एखादी लायब्ररी ५ वर, असं झालं की दोन्ही सी लायब्रऱ्या एकाच प्रोसेसमध्ये येत आणि प्रोग्रॅम कोसळे.

उपाय सोलारिस या युनिक्स प्रणालीकडून आला: सिम्बॉलला, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनसारख्या प्रत्येक नावाला, आवृत्ती देणं. ग्लिबसी २.१ ने (१९९९) तो पुढे नेला आणि एकाच फाइलमध्ये एका फंक्शनची जुनी व नवी रूपं शेजारी ठेवली. नव्याने लिंक होणाऱ्या (लायब्ररीशी जोडल्या जाणाऱ्या) प्रोग्रॅमला नवं रूप मिळतं, जुन्या बायनरीला, म्हणजे आधीच बांधून तयार प्रोग्रॅमला, तिच्यात नोंदलेलं जुनंच. म्हणून ६ वाढवावा लागत नाही.

मेमसीपीवाय (मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करणारं फंक्शन) हे याचं उत्तम उदाहरण. सी भाषेच्या प्रमाणानुसार त्याला एकमेकांवर चढणारे बफर (मेमरीतले तुकडे) देऊ नयेत. २०१० मध्ये ६४-बिटवर त्याचं वेगवान रूप आलं, ते काही प्रोसेसरांवर शेवटाकडून कॉपी करी, आणि फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेअरचा आवाज बिघडला, कारण तो असे चढणारे बफर देत होता. चूक फ्लॅशची होती, तरी वर्षानुवर्षं चाललेली बायनरी मोडू नये हेच योग्य. ग्लिबसी २.१४ मध्ये मेमसीपीवायला नवी आवृत्ती दिली, २.२.५ या जुन्या आवृत्ती-खुणेमागे मेममूव्हसारखं (चढणारे बफरही नीट कॉपी करणारं फंक्शन) सुरक्षित वर्तन ठेवलं.

स्ट्रक्चरच्या (अनेक मूल्यांचा एकत्र गट) आकारापुढे मात्र ही युक्ती तोकडी पडते. २.१९ मध्ये आयबीएमच्या एस३९० या मेनफ्रेम संगणकांवर जेएमपी-बफ (प्रोग्रॅमला आधीच्या जागी परत उडी मारता यावी म्हणून स्थिती साठवणारं स्ट्रक्चर) वाढवला, फंक्शनांना नव्या आवृत्त्याही दिल्या. पण इतर लायब्रऱ्यांनी तो आपल्या स्ट्रक्चरमध्ये बसवलेला होता, त्यांची मापं जुळेनात. २.२० मध्ये बदल मागे घ्यावा लागला.

शिवाय हे सगळं एकाच दिशेने चालतं. २.३४ वर (२०२१) बांधलेला साधा प्रोग्रॅमही २.३१ वर ‘ग्लिबसी_२.३४ सापडत नाही’ म्हणून थांबतो, कारण प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या लिबसी-स्टार्ट-मेन या फंक्शनलाच नवी आवृत्ती लागली. म्हणून वाटायची बायनरी सर्वांत जुन्या लक्ष्य-सिस्टिमवर बांधावी आणि बायनरीतली सिम्बॉल दाखवणारी ‘ऑब्जडम्प -टी’ (कॅपिटल टी) ही कमांड चालवून त्यातली सर्वांत मोठी ग्लिबसी आवृत्ती तपासावी.