एमएफआय जास्त म्हणजे दाणा भारी?

कुपवाड एमआयडीसीत प्लास्टिकचा दाणा घेताना एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एमएफआय जास्त आहे, माल भारी आहे." हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

एमएफआय म्हणजे मेल्ट फ्लो इंडेक्स. तापलेल्या नळीत दाणा वितळवायचा, वरून ठरावीक वजन द्यायचं आणि २.०९५ मिलिमीटर व्यासाच्या भोकातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो ते मोजायचं. पॉलिप्रॉपिलीनसाठी २३० अंश सेल्सिअस, पॉलिथिनसाठी १९०. वजन बहुधा २.१६ किलो, पाइपच्या दाण्याला ५ किलो. तापमान आणि वजन न सांगता नुसता आकडा फेकणाऱ्याला आधी तेच विचारा.

आकडा मोठा, म्हणजे सरासरी रेणूंच्या साखळ्या आखूड आणि वितळलेला माल पातळ. पातळ भिंतीच्या डब्याला ते सोयीचं, साचा पटकन भरतो. पण उसाच्या रानात पाणी नेणाऱ्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) पाइपला दाब सोसायचा असतो; तिथे लांब साखळ्या लागतात, आणि ५ किलो लावूनही आकडा १ च्या आतबाहेरच राहतो. उलट पॉलिप्रॉपिलीन पुन्हापुन्हा वितळवलं की साखळ्या तुटतात आणि एमएफआय वाढतो. मग काय, भंगार नव्यापेक्षा भारी?

दोन दाण्यांचा आकडा सारखा असला तरी ते मशीनवर सारखे चालतीलच असंही नाही. चाचणीत माल संथ सरकतो, इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेला माल दाबाने साच्यात भरताना, त्याच्या कित्येक पट वेगाने.