तू नक्की तोच का?

रोजच्या सवयीने सर्व्हरला जोडायला जावं आणि काळ्या पडद्यावर ॲट-चिन्हांची जाड चौकट उमटावी: दूरच्या यंत्राची ओळख बदलली आहे! खाली पुस्ती जोडलेली असते, कोणीतरी काहीतरी वाईट उद्योग करत असण्याची शक्यता आहे. ही चौकट मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा केबल काढून घातली, राउटर बंद-चालू केला, पासवर्ड आठवून पाहिला. पासवर्ड तर कोणी विचारलाच नव्हता, हे मागाहून ध्यानात आलं. दार सर्व्हरने अडवलेलं नव्हतं. माझ्याच कॉम्प्युटरने मला उंबऱ्यावर धरून ठेवलं होतं.

तो असं का करतो, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. टेलनेट या जुन्या प्रोग्रॅमच्या काळात दूरच्या यंत्रावर जाताना पासवर्ड तारेवरून उघडाच जायचा. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड टिपले गेले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच हा दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम लिहिला; वरची चौकट दाखवतो तो हाच. संभाषण सांकेतिक करणं हा त्यातला अर्धा भाग. पण आपण चोराशीच सांकेतिक भाषेत बोलत असलो तर त्या संकेताचा काय उपयोग? म्हणून सर्व्हरला आधी स्वतःची ओळख पटवावी लागते. त्याच्याकडे किल्ल्यांची, म्हणजे एकमेकांशी बांधलेल्या दोन लांबलचक आकड्यांची, एक जोडी असते: एक खाजगी, दुसरी सगळ्यांना देण्याची सार्वजनिक. खाजगी किल्ली यंत्राबाहेर कधी जात नाही. प्रत्येक जोडणीच्या वेळी नव्याने तयार झालेल्या आकड्यांवर सर्व्हर तिने सही करतो आणि आपल्याकडची बाजू सार्वजनिक किल्लीने ती सही तपासते. कालची सही आज चालत नाही.

ती सार्वजनिक किल्ली त्याचीच, हे आपल्या कॉम्प्युटरला कसं कळतं? खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत कळतच नाही. तो किल्लीचा ठसा दाखवतो, ४३ अक्षरांची एक अगम्य ओळ, आणि विचारतो, पुढे जाऊ? आपण सगळे न वाचता ‘यस’ टाइप करतो. मीही करतो. मग ती किल्ली ‘नोन होस्ट्स’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि पुढची कित्येक वर्षं तिच्याशीच ताडून पाहिलं जातं. सगळा डोलारा त्या एका ‘यस’वर उभा असतो.

चौकट दिसली की बहुतेक वेळा कारण अगदी घरगुती निघतं. सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली, की किल्ल्याही नव्या तयार होतात. राउटरने कालचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक, आज दुसऱ्याच यंत्राला देऊन टाकलेला असतो. भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर तर हे नेहमीचंच. याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. एका व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या आभासी कॉम्प्युटरच्या, नकला काढताना किल्ल्या बदलायच्या राहिल्या, तर दहा यंत्रं एकाच ओळखीने वावरतात आणि चौकट कधी दिसतच नाही.

कधीकधी किल्ली बदलणं हाच उपाय असतो. डेबियन लिनक्समध्ये २००६ साली झालेल्या एका छोट्या बदलामुळे किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता, म्हणजे आकड्यांचा अंदाज न येणं, जवळजवळ नाहीशी झाली. २००८ मध्ये ते उघड झालं तेव्हा दिसलं की एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या फक्त सुमारे ३३ हजार वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या. तेवढ्या तर कोणीही एकेक करून लावून पाहील. मार्च २०२३ मध्ये गिटहब या प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाची आरएसए प्रकारची खाजगी किल्ली थोडा वेळ सार्वजनिक झाली, तेव्हा त्यांनीही ती बदलली आणि नवा ठसा जाहीर केला. त्या दिवशी अनेकांना चौकट दिसली आणि ती योग्यच होती.

तेव्हा करायचं एवढंच: सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावायचा, किंवा त्या यंत्रासमोर बसून ठसा काढायचा आणि अक्षर न् अक्षर जुळवायचा. ज्या वाटेबद्दल शंका आहे त्याच वाटेने ठसा विचारून काही हाती लागत नाही. जुळला, तर जुनी नोंद काढायची. फाइलमधली कितवी ओळ, हे चौकटीतच लिहिलेलं असतं. एसएसएचसोबत येणाऱ्या एसएसएच-कीजेन या आज्ञेला मोठ्या आरचा पर्याय (-R) आणि सर्व्हरचं नाव दिलं की तेवढीच नोंद जाते. मी एकदा वैतागून अख्खी फाइल उडवली होती. त्यानंतर महिनाभर प्रत्येक सर्व्हर मला परका.

दूरच्या यंत्राचा पडदा आपल्यासमोर आणणाऱ्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये किल्लीच्या जोडीला प्रमाणपत्र, म्हणजे यंत्राचं ओळखपत्र, येतं, आणि तिथे कटकटी वेगळ्या. प्रमाणपत्रावर नाव असतं आणि आपण आयपी पत्ता टाकून जातो, मग दोन्ही जुळणार कसं? नाव टाकून पाहावं. बऱ्याच यंत्रांवर प्रमाणपत्र यंत्राने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं, मुदत सहा महिने. म्हणून ‘पुन्हा विचारू नका’वर टिक केली तरी काही महिन्यांनी तोच प्रश्न परत येतो.

सगळ्यात चकवा देणारी तक्रार मात्र तारीख-वेळेतल्या फरकाची. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये ओळख पटवायला कर्बेरॉस नावाची पद्धत वापरतात. त्यात मिळणाऱ्या तिकिटावर वेळ असते, आणि दोन घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल तर तिकीट नाकारलं जातं. नाहीतर कोणी जुनं तिकीट टिपून ठेवून पुन्हा वापरलं असतं. एका यंत्राच्या पडद्यावरचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं, तरी तक्रार जाईना. टाइम झोन चुकीचा निघाला. कोणीतरी तो न बदलता हातानेच वेळ सरकवून पडद्यावरचा आकडा ‘बरोबर’ केला होता, आणि आतली जागतिक वेळ काही तासांनी भरकटली होती. यंत्र बंद केल्यावर दर वेळी घड्याळ मागे पडत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलावा. घड्याळं सगळी बरोबर असूनही हीच तक्रार येत असेल, तर डीएनएसची, म्हणजे यंत्राच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची, सेटिंग पाहावी. नावाचा पत्ताच चुकीचा मिळतोय आणि दोष वेळेला दिला जातोय, असंही होतं.

आता, यातलं कुठलंच कारण लागू पडत नाही, कोणी काही बदललेलं नाही आणि ठसाही जुळत नाही, तेव्हा? तेव्हा पासवर्ड टाकायचा नाही. आपल्या आणि सर्व्हरच्या मध्ये कोणी बसला असेल तर त्याला तो आयता मिळेल. काही जण चौकटीला कंटाळून ओळख तपासणं सेटिंगमधून बंदच करून टाकतात आणि मग बुचकळ्यात पडतात, कारण जोडणी तर होते, पण पासवर्ड टाकायची जागाच येत नाही आणि ‘परवानगी नाही’ असा निरोप मिळतो. किल्ली बदललेली दिसली की ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचची सर्रास वापरली जाणारी आवृत्ती, त्या जोडणीपुरतं पासवर्ड पाठवणंच बंद करतं, तपासणी बंद ठेवली असली तरी.