माशाच्या जेवणावळीतला पाहुणा

परवा ठाण्याला भाच्याकडे गेलो होतो. पठ्ठ्याने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक केलाय, त्यात एक पिवळाधमक यलो टँग. भाच्याने जपानी सुशी गुंडाळायला लागते त्या नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या शीटचा, पत्त्याएवढा तुकडा फाडला, क्लिपला लावून आतून काचेवर चिकटवला आणि तो मासा जो सुटला, बकरी झुडपाला लागते ना तसा टचाटच तोडायला लागला. ताई म्हणाली, "अगं बाई, हा पाला खातो? मासे तर माशांनाच खातात ना?"

सगळे नाही खात. हा सर्जनफिशच्या खानदानातला, शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे ब्लेडसारखा काटा असतो म्हणून सर्जन. हवाईच्या प्रवाळांवर यांचा दिवस खडकावरचं शेवाळ टिपण्यात जातो, टँकमध्ये तेवढं उगवणार कुठून, म्हणून नोरी. आणि नोरी हिरवी दिसली तरी ते लाल शेवाळ आहे बरं का! कच्ची शीट जांभळट काळी असते, पापडासारखी भाजली की लाल रंगाचं प्रोटीन मोडतं आणि त्याने झाकलेलं हिरवं क्लोरोफिल दिसायला लागतं. याच्या कुळातलं शेवाळ आपल्या कोकण-गोव्याच्या खडकांवर पावसाळ्यात येतं.

पण मला खरी मजा सांगायचीय ती पोटातली. शेवाळातल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या तोडणं सोपं नाही, म्हणून गाय गवतासाठी पोटात जंतू पाळते तसे काही सर्जनफिशही पाळतात. 1985 साली तांबड्या समुद्रातल्या तपकिरी सर्जनफिशच्या आतड्यात सिगारच्या आकाराचे जीव सापडले, एवढे मोठे की बॅक्टेरिया असतील असं कोणाला वाटलंच नाही. 1993 मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं, बॅक्टेरियाच आहे! नाव एप्युलोपिशियम, म्हणजे माशाच्या जेवणावळीतला पाहुणा. लांबी 0.6 मिलिमीटरपर्यंत, रव्याच्या कणाएवढी, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आपल्या पोटातला ई. कोलाय हा बॅक्टेरिया जेमतेम 2 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हा 600.

आता गंमत बघा. बॅक्टेरियाच्या आत हमाल नसतात, आपल्या पेशीत जशी माल वाहून नेणारी यंत्रणा असते तशी तिथे नाही, रेणू धक्के खात खात पसरतात तेवढंच. आणि अंतर दुप्पट झालं की अशा पसरण्याला वेळ चौपट लागतो, वर्गाच्या हिशोबाने. याची नुसती जाडी 80 मायक्रॉन धरली तरी ई. कोलायच्या लांबीच्या 40 पट, म्हणजे वेळ 1600 पट! मधे एकच डीएनए ठेवला तर ऑर्डर काठापर्यंत पोचेपर्यंत जेवण उरकलेलं असेल. म्हणून हा डीएनएच्या हजारो कॉप्या ठेवतो, त्याही बहुतेक कडेकडेने, कातडीला लागून, जिथे काम तिथेच ऑफिस. बरं, मधोमध दोन तुकडे होऊन वाढण्याऐवजी याच्या पोटात आख्खी पिल्लं तयार होतात, बऱ्याचदा दोन, आणि आई फाटून ती बाहेर येतात. हे वाचून डोकं गरगरलं असेल तर सोडून द्या, माझंही पहिल्यांदा गरगरलं होतं.

शेजारच्या काकूंचं मत वेगळंच. टँकमधला मासा मेला की तो घरावरचं संकट स्वतःवर घेऊन जातो म्हणे. काकू, तो बऱ्याचदा अमोनियाने जातो, आणि जास्तीचं खाणं पाण्यात कुजलं की अमोनिया वाढतो.

म्हणून भाचा दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. नोरी साधी घ्यायची, तेल-मीठ-मसाला लावलेली स्नॅकवाली अजिबात नाही. आणि काही तासांनी क्लिपला उरलेली लिबलिबीत चिंधी काढून टाकायची. मी निघालो तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि टँग त्या चिंधीची शेवटची कोर सोडायला तयार नव्हता.